दुसरी हाक

दिव्यानी लोनबलेला हाक मारायची तर दोनदा मारावी लागते. पहिल्या हाकेला ती मान वर करते, हातातलं काम थांबवते, पण ओ देत नाही. दुसरी आली की मग म्हणते, "हं, बोल." चंद्रपुरात आम्ही दोघी एका खोलीत राहायला लागलो तेव्हा मला वाटलं, हिला कमी ऐकू येतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला विमान शिकायला घेतलं कसं, हेही मनात आलं. एकदा गॅसवर दूध ठेवून मी तिला हाक मारली आणि ती बघेल असं धरून केस धुवायला गेले. दूध उतू गेलं, बर्नर विझला, खोलीभर वास सुटला.

"ऐकू आलं नाही का तुला?"

"आलं ना."

"मग?"

"तू एकदाच मारली." ओट्यावरचं दूध पुसता पुसता ती म्हणाली, "आमच्याकडं एका हाकेला ओ देत नाही. एक हाक कोणाचीही राहू शकते. दुसरी माणसाचीच राहते."

आमच्याकडं भाजीत कांदा घालत नाहीत, असं कोणी सांगावं तितक्या साध्या सुरात ती हे बोलली. मी चिमूरची, म्हणजे फार लांबची नाही, पण असं काही मी ऐकलेलं नव्हतं.

तिचं गाव, कोसमटोला, मूल आणि सावली या दोन तालुक्यांच्या मधल्या जंगलाला टेकलेलं आहे. गावापुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, गावामागं शेवटच्या घराच्या कुडापासून जंगल. वडील भैयाजी धान करतात. आई गुणाबाई धानाची कामं सरली की उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचायला जाते. सोबत टोल्यावरची सोमारी आणि आणखी काही बायका असतात. मोहाचं प्रत्येक झाड कोणाचं ना कोणाचं ठरलेलं. दुपार कलली की झाडाखालचा पाला जाळून ठेवायचा, म्हणजे पहाटे गळणारी फुलं त्या काळ्या गोलावर उठून दिसतात आणि पटापट वेचता येतात. पाला जाळू नका, असं वनविभागाची माणसं दरवर्षी सांगून जातात. बायका हो म्हणतात आणि जाळतात.

झाडं एकमेकांपासून दूर असतात. एकीला दुसरी दिसत नाही, मधे धूर असतो, पळसाची आणि तेंदूची झुडपं असतात. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची. आधी नाव, मग जरा थांबून पुन्हा तेच नाव, आणि त्यानंतरच समोरचीनं ओ द्यायची. ओ देण्याची घाई जितकी वाईट, तितकंच एक हाक मारून गप्प बसणंही वाईट. अर्धी राहिलेली हाक जंगलात फिरत राहते आणि मग कोणीतरी तिला ओ देतं, असं सोमारी म्हणते.

दिव्यानी शाळेत होती तेव्हा तिची चुलत बहीण रंजीता या बायकांबरोबर जायची. रंजीताचं लग्न ठरलं होतं आणि बाकीच्या तिला चिडवत होत्या. वेचता वेचता तिनं एकदम मान वर केली, "ओ, आली," म्हणाली आणि मोहाच्या मागं गेली. आजूबाजूच्या बायकांनी तिची ओ ऐकली. हाक मात्र कोणी ऐकली नव्हती आणि कोणी मारलीही नव्हती. संध्याकाळी तिची टोपली सापडली ती झाडामागं सरळ ठेवलेली, काठोकाठ भरलेली. रंजीता सापडली नाही. वाघानं नेलं असेल, असं पंचनाम्यात आलं. वाघानंच नेलं असेल. पण वाघ हाक मारत नाही.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि दिव्यानी शेजारच्या झाडाखाली फुलं वेचत होती.

बारावीनंतर ती विमान शिकायला चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर आली. कशी आली, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात बरेच अर्ज आहेत. गावात काही दिवस हाच विषय होता. "भैयाजी, पोरगी एसटी चालवाले गेली का?" असं कोणी पारावर विचारलं की भैयाजी शांतपणे म्हणायचे, "एसटीले रस्ता लागते न बावा. इकडचे रस्ते पाह्यले तिनं, म्हणून वरून जाऊन राह्यली." माझ्याशी बोलताना मात्र त्यांचा प्रश्न एकच असायचा, वर गेल्यावर हिला खालचं गाव ओळखू येतं का.

विमानातही तिला हाक दोनदा लागायची, आणि हीच पंचाईत होती. विमानाला त्याच्या नोंदणीची शेवटची दोन अक्षरं घेऊन हाक मारतात. तिच्या विमानाची अक्षरं होती रोमिओ किलो. खालच्या खोलीतून रेडिओवर प्रफुल बोलायचा, "रोमिओ किलो," आणि वरून काहीच उत्तर यायचं नाही. मग तो पुन्हा म्हणायचा, तेव्हा ही बोलायची. प्रफुलनं हसून जुळवून घेतलं होतं. "रोमिओ किलो, रोमिओ किलो. घ्या ताई, दोनदा देल्ली. आता तरी बोला."

निकेश सरांना हसू येत नव्हतं. ते तिचे शिक्षक, मूळचे वर्ध्याचे.

"तुले काय अक्षता देऊन बोलवाव लागते का वं?" ते ओरडायचे. "हवेत एका हाकेत माणूस कुठल्या कुठी जाते. दुसरी हाक येईलच, असं कोणी लिहून देल्लं का तुले?"

तिला कळत होतं, आणि ती प्रयत्नही करत होती. पण हाक आली की जीभ आपोआप थांबायची. पायात काटा गेला की पाय मागं येतो, तसं.

मार्च संपत आला होता. तिची एकटीची लांबची फेरी ठरली. आधी नागभीड, तिथून वळून गडचिरोलीजवळचा वैनगंगेचा पूल, आणि पुलावरून सरळ घरी. निघायच्या आधी निकेश सरांनी तिला विमानाच्या पंखाखाली उभं केलं.

"आज एक शब्द पक्का ठेव. खालून एक हाक गेली, तं लगेच उत्तर. दुसरी माराव लागली, तं एकटीनं उडणं बंद. पुन्हा माह्या बाजूले बसून शिकाचं, अगदी पहिल्यापासून. समजलं?"

"समजलं सर."

"पहिल्याच खेपेले बोल्ली," प्रफुल लांबून म्हणाला. "शुभशकुन हाय."

फोन बंद करून कपाटात ठेवायचा नियम होता. तिनं ठेवला आणि निघाली.

नागभीडपर्यंत सगळं ठीक होतं. जंक्शनचे रूळ खाली उन्हात चमकत होते, चहूकडं फुटलेले, बाईच्या हातावरच्या शिरांसारखे. तिथून ती वळली. मग वैनगंगा आली, रुंद वाळू आणि मधे पाण्याची अरुंद पट्टी. पुलावर येऊन तिनं विमानाचं तोंड घराकडं केलं, तेव्हा सूर्य समोर आला आणि पुढचं सगळं एकाच रंगाचं झालं.

हा धूर मोहाचा होता. दुपार कलली होती आणि खाली गावोगावच्या बायका पाला जाळत होत्या. तो धूर वर चढून पसरला होता. त्यात जमीन संपून आकाश कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. खाली पाहिलं तर तेवढं जंगल दिसायचं, जरा पुढं पाहिलं तर नुसता तांबूस पडदा. त्या पडद्यामागं कुठंतरी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी होती. ती दिसली की धावपट्टी दिसल्यातच जमा, हे तिथल्या प्रत्येक शिकणाऱ्याला माहीत असतं.

तेव्हा हाक आली. "रोमिओ किलो."

आवाज बारीक होता, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. अंगठा बटणावर गेला. सरांचा शब्द आठवला. तरीही ती थांबली. "मला माहीत होतं, उत्तर द्यायचं आहे," ती मला नंतर म्हणाली. "पण त्या आवाजात प्रफुलभाऊ नव्हते. नुसता आवाज होता." ती दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. दुसरी आली नाही.

मग तिचं लक्ष समोरच्या फलकावर गेलं. तिथं एक लहान लाल दिवा पेटलेला होता. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता, कारण समोरच्या सूर्यानं डोळे दिपले होते. तिनं डोळ्यांवर तळहाताची सावली केली तेव्हा तो स्पष्ट दिसला. शेजारचा काटा शून्याच्या डावीकडं झुकलेला होता. इंजिन चालत असताना विमान स्वतःची वीज स्वतः तयार करतं. आता ती तयार होत नव्हती, आणि जे काही चाललं होतं ते बॅटरीवर.

अशा वेळी काय करायचं, ते तिला पाठ होतं. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा खटका तिनं बंद केला. खालच्या फ्यूजच्या बटणांवरून बोट फिरवलं, कुठलं बाहेर आलेलं नव्हतं. खटका पुन्हा चालू केला. लाल दिवा तसाच. पुन्हा बंद. मग पंखावरचे दिवे, शेपटीवरचा दिवा, जे जे नको ते एकेक करून बंद केलं. आता तिनं बटण दाबून प्रफुलला हाक मारली. एकदा, आणि मग जरा थांबून पुन्हा.

बोलताना आपला आवाज आपल्याच कानातल्या हेडफोनमध्ये येत असतो. तो आला नाही. रेडिओवरचे आकडे फिके झाले, एकेक करून पुसले गेले. इंधनाचे दोन्ही काटे खाली सरकले आणि शून्यावर आडवे झाले. टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या होत्या, हे तिला माहीत होतं. तेल होतं, काट्याला वीज नव्हती. तरी त्या आडव्या काट्यांकडं बघवत नव्हतं. बॅटरीत उरलंसुरलं काही असेल तर उतरताना कामी यावं, म्हणून तिनं शेवटचा मुख्य खटकाही बंद केला.

इंजिन चालूच राहिलं. त्याची ठिणगी तेच पाडतं, त्याला या विजेची गरज नसते. पंखा फिरत होता, वेग दाखवणारा काटा, उंचीचा काटा, द्रवात तरंगणारं होकायंत्र, सगळं आपापल्या जागी होतं. कॉकपिटमध्ये आवाज भरपूर होता, पण त्या आवाजात कोणी नव्हतं. काय काय केलं, ते तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. तोंड हलतंय एवढंच कळत होतं. शब्द बाहेर पडत होते की नाही, ते ऐकू येत नव्हतं.

इंजिनाचा आवाज नीट ऐकता यावा म्हणून तिनं डाव्या कानावरची हेडफोनची गादी वर सरकवली.

"दिव्यानी."

डावीकडून आली. रेडिओतून नाही, रेडिओ बंद होता, तिनंच बंद केला होता. शिवाय रेडिओवर तिला कोणी नावानं हाक मारत नाही. इंजिनाच्या एवढ्या घरघरीतून ती हाक अगदी स्वच्छ आली. धूर मधे असला की बायका मारतात तशी, शेवटचं अक्षर जरा लांबवलेली.

तिनं डावीकडं पाहिलं. खालचं जंगल तिच्या ओळखीचं होतं. नहराच्या पाण्याचं वळण, त्याच्यापुढं बांध्यांचे तुकडे. कोसमटोला असणार. आणि त्याच्या पलीकडं, लांब, तांबूस पडद्यात उभी धुराडी होती. उंच, सरळ, शेजारी शेजारी. औष्णिक केंद्राची असतात तशीच.

होकायंत्र सांगत होतं, धुराडी समोर असली पाहिजेत. डोळे सांगत होते, डावीकडं आहेत. होकायंत्राला वीज लागत नाही. पण त्या दिवशी फलकावरच्या कशावरही विश्वास ठेवणं कठीण झालं होतं. ज्या काट्यांनी भरल्या टाक्या रिकाम्या दाखवल्या, त्यांच्या शेजारीच तेही बसलेलं होतं. डावीकडं वळायचं तर हात जरा हलवणं पुरेसं होतं. हात हललाही. विमान डाव्या अंगावर कललं, आणि त्या हाकेला ओ द्यायला तिनं तोंड उघडलं.

मग तिनं ओठ मिटले आणि ती थांबली.

घाई नव्हती, टाक्यांत तेल होतं. मोहाखाली थांबतात तशी, मान वर करून, सगळं काम थांबवून ती दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. विमान कललेलं होतं आणि डावा पंख गावाकडं बोट दाखवत होता. दुसरी हाक आली नाही. आणि पाहता पाहता त्या धुराड्यांतलं एक कमरेतून वाकलं. मग दुसरं वाकलं. वारा लागला तशी ती सगळी एका बाजूला झुकली आणि विरली. जंगलात कुठंतरी वणवा लागला होता, त्याचे लोट होते ते. डावीकडं पुढं नुसतं जंगलच होतं, थेट प्राणहितेपर्यंत.

तिनं पंख सरळ केले आणि होकायंत्रावरची दिशा धरली. डावीकडं पुन्हा पाहिलं नाही. पण मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली, शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास लागावा तसा गारवा बराच वेळ होता, असं ती सांगते. खिडकीची फट असेल, असंही तीच सांगते.

खरी धुराडी समोरच निघाली, अगदी जवळ आल्यावर, एकदम.

धावपट्टीवर येऊन ती उंचावरूनच एक फेरी फिरली. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पाहिला, दुसरं कोणी हवेत नाही याची खात्री केली. मुख्य खटका लावून पाहिला. लाल दिवासुद्धा पेटला नाही. मग खाली येत तिनं पंख डावीउजवीकडं हलवले. रेडिओ गेला असला की ही खूण. खाली खोलीबाहेर माणसं पळताना दिसली, आणि त्यांच्यातून एक हिरवा उजेड तिच्याकडं रोखला गेला, न लुकलुकणारा. उतर, असं तो म्हणत होता. प्रफुलच्या हातात सिग्नलचा दिवा होता. तिनं पुन्हा पंख हलवले.

पंखांच्या मागच्या ज्या पट्ट्या खाली सोडल्या की विमान हळू होतं, त्या विजेवर चालतात. त्या हलल्या नाहीत. विमान वेगातच खाली आलं, टेकायचं नाव न घेता अर्धी धावपट्टी तरंगत राहिलं आणि मग टेकलं.

मेकॅनिकनं इंजिनाचं झाकण उघडलं. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटून आत पडला होता, काळा, वेटोळं घालून. त्यानं तो बाहेर काढला.

"माही हाक ऐकू आली होती?" निकेश सरांनी विचारलं. ती हाक सरांनीच मारली होती, प्रफुलच्या खांद्यावरून वाकून.

"आली होती सर."

"मंग?"

"वाटलं, ओळखीचं कोणी नाही."

"अन् मी म्हटलं, सर बोल्ले म्हणून ताई घाबरल्या," प्रफुल म्हणाला. त्याच्या हातात दिवा अजून तसाच होता.

"तेव्हा उत्तर देल्लं असतं, तं आवाजावरूनच तुही वीज जाऊन राह्यली हे आम्हाले समजलं असतं," सर म्हणाले. "इकडं आम्ही मूल ठाण्याले, गडचिरोलीले, कुठी कुठी फोन लावून राह्यलो होतो." मग त्यांनी तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बाकी सगळं बरोबर केलं तू. मले जमलं असतं, त्याच्याहून बरोबर. म्हणून बंद नाई करत. पण काही दिवस माह्या बाजूले बसून उडाचं, अन् फक्त हाकेले उत्तर द्यायचं शिकाचं. हवेत पहिल्या हाकेले ओ. जंगलात तुमचं तुम्ही पाहा."

डावीकडून नावानं आलेल्या त्या हाकेबद्दल ती तिथं कोणाशी बोलली नाही.

दिवे लागायच्या वेळेला ती खोलीवर आली. मला थोडंसंच सांगितलं आणि कणीक भिजवायला बसली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. तिचे हात पिठाचे होते म्हणून मी स्पीकर चालू करून फोन परातीजवळ ठेवला.

"दिव्यानी." मग थोडं थांबून, "दिव्यानी."

"हं, बोल आई."

"कुठी हायस?"

"खोलीवर."

"खोलीवरच न? कोण हाय तुह्याजवळ?"

तिनं माझं नाव सांगितलं.

"तिले बोलू दे."

"बोला काकू, मी इथंच आहे," मी म्हणाले. "ही कणीक भिजवतेय."

गुणाबाईंनी श्वास सोडलेला ऐकू आला. "आज दुपारून आमच्या वरून गेली का वं तू?"

"गेली होती."

"मले वाटलंच. पाला जाळून राह्यलो होतो. सोमारी म्हणे, दुसऱ्या कोणाचं इमान असन. मी म्हटलं, नाई, माही पोरगीच हाय. त्याच भरात हाक मारली तुले."

दिव्यानीचे हात थांबले. "किती?"

ती फोनवर आणखी वाकली.

"आई, किती मारल्या?"

"एकच," गुणाबाई म्हणाल्या. "इमान लवकर गेलं वं. दुसरी मारतो मारतो, तं झाडाईच्या वरून निंघून गेलं. मले वाटलं, आता मारून काय फायदा, तिले थोडीच ऐकू येते. सोमारी धावत आली. म्हणे, बाई, अर्धी नोको ठेवू, दुसरी मार, आत्ताच मार. मी तोंड उघडलं, तं..."

"तं काय?"

"तं ओ आली."

परातीत पीठ सुकत होतं. मी फोनकडं पाहत होते, दिव्यानी माझ्याकडं.

"वरून नाई आली," गुणाबाई म्हणाल्या. "रंजीताच्या मोहाच्या मांगून. जमिनीवरून. अगदी जवळून. 'ओ, आली.' सोमारीनंही ऐकली, मी एकटीनं नाई."

"कोणाचा आवाज होता?"

"तुहाच वं माय." त्यांचा आवाज आता फार लहान झाला होता. "टोपले तिथीच टाकून पळालो आम्ही. तेव्हापासून फोन लावून राह्यली, लागतच नोहता. तू नाई न देल्ली ओ? मले खरं सांग. तू नाई न देल्ली?"

"नाई आई. नाई देल्ली."

"आन घे माही."

"तुही आन."

"मंग झालं," गुणाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मंग झालं. जेवून घे. दार लावून घे." हे दोनदा म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिव्यानीनं हात धुतले. मी कणीक झाकून ठेवली. आमच्या खोलीला एकच खिडकी आहे, ती मी लावून घेतली. का, ते तिनं विचारलं नाही. मग ती म्हणाली, "मी तोंड उघडलं होतं."

"पण मिटलंस ना?"

"मिटलं." ती भिंतीला टेकून बसली होती. "पण त्याच्या आधी काही बाहेर पडलं की नाही, ते मला माहीत नाही. वीज नसली की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही."

आता दिव्यानी रेडिओवर पहिल्याच हाकेला उत्तर देते. निकेश सरांनी ते तिच्याकडून घोटून घेतलं. तिथं तिला रोमिओ किलो म्हणतात, दिव्यानी म्हणत नाहीत, म्हणून जमतं, असं ती सांगते. एकटीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, परीक्षा झाल्या, पुढच्या परवान्यासाठी हवेतले तास जमताहेत. निघताना ती डोळ्यांवर हाताची सावली करून लाल दिवा बघते. पोचेपर्यंत कितीतरी वेळा बघते. खोलीत मी तिला दोनदाच हाक मारते. आता चिमूरला घरी गेले तरी माझ्या तोंडून दोनदाच निघते आणि आई मला हसते.

पुढच्या मोहाच्या हंगामात तिनं मला एक सांगितलं. कोसमटोल्यावरून जाताना खाली झाडाझाडाखाली काळे गोल दिसतात, पाला जाळल्याचे. एका झाडाखाली नसतो. तो रंजीताचा मोह. त्याच्याखाली आता कोणी जात नाही. फुलं गळतात आणि पडल्या जागी सुकतात. अस्वलं मोहासाठी कुठून कुठून येतात, पण त्या झाडाखाली तीही येत नाहीत, असं सोमारी म्हणते. सोमारीनं त्याच्या बुडाशी काहीतरी ठेवलं आहे. काय, ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

गुणाबाई आता विमानाचा आवाज आला की जंगलात नसतात, अंगणात असतात. हाक मारत नाहीत. पदर डोक्यावर घेऊन नुसत्या वर बघत उभ्या राहतात. गावावर आलं की दिव्यानी पंख हलवते. तेव्हा गुणाबाई जागच्या हलत नाहीत. जरा पुढं जाऊन ती पुन्हा पंख हलवते, आणि मगच त्या घरात जातात.